जुन्या पिकअपचे ब्रेक सुधारायचेत? ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी हे वाचा

एरवी इथे आपण फोन, ॲप आणि बॅटरीबद्दल बोलतो. आजचा विषय आहे आमच्या घरची चौदा वर्षं जुनी पिकअप आणि तिचे ब्रेक. फोन यात येणारच आहे, काळजी नको.

आधी झालं काय ते सांगतो. मी नोकरीला पुण्यात, घर रत्नागिरीला. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आलो होतो आणि बाबा आंबा घेऊन कोल्हापूरला निघाले, म्हणून सोबत गेलो. जाताना हापूसच्या पेट्या, येताना पशुखाद्याची पोती, हा आमच्या गाडीचा ठरलेला फेरा. म्हणजे आंबा घाट येताना भरल्या गाडीने उतरायचा. त्या दिवशी बाबा तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरत होते. अर्ध्या घाटात पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. दोन वळणांनंतर आणखी खाली. बाबांनी पेडल भराभर तीन-चार वेळा मारलं, गाडी सेकंडला टाकली, इंजिन ओरडलं, आणि शेवटी एका रुंद जागेवर हँडब्रेक ओढून आम्ही कसेबसे थांबलो. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. पाच मिनिटं दोघंही काही बोललो नाही. मग बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस."

अर्ध्या तासाने पेडल आपोआप बऱ्यापैकी वर आलं. आम्ही साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा करत चाळीसच्या आत घरी पोहोचलो.

त्या रात्री मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. फोन काढला आणि शोधायला लागलो. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं किट, भोकं पाडलेल्या डिस्क, मोठा बूस्टर. कार्टमध्ये वीसेक हजारांचा माल जमा झाला. मग लक्षात आलं की ऑफिसमध्ये असं कुणी केलं तर मी त्याला हसतो. ॲप स्लो चाललंय म्हणून कुणी सरळ मोठा सर्व्हर घेत नाही. आधी नेमकं अडतंय कुठे ते मोजतात. कार्ट तशीच सोडली आणि सकाळी मेस्त्रींकडे गेलो.

घाट उतरणं म्हणजे १५८ फोन चार्ज करणं

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो गतीची उष्णता करतो. बस, एवढंच. म्हणून ब्रेक किती चांगला, या प्रश्नात दोन प्रश्न असतात. एका झटक्यात तो चाकाला किती जोराने पकडतो, आणि तयार झालेली उष्णता किती वेळ सहन करतो. शहरात पहिला प्रश्न महत्त्वाचा, घाटात दुसरा.

थोडा हिशेब करू. भरलेली गाडी २८०० किलो धरा. ताशी ६० किमी वेगावरून ती पूर्ण थांबवली तर साधारण ३.९ लाख जूल उष्णता तयार होते. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात सुमारे ७० हजार जूल असतात. म्हणजे एक ब्रेक मारला की साडेपाच फोनांची पूर्ण चार्जिंग हवेत गेली.

आता घाट. आंबा घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. उतरताना उंचीत ४०० मीटरचा फरक धरला, तर तीच गाडी सुमारे १.१ कोटी जूल ऊर्जा सोडत खाली येते. म्हणजे ६० वरून २८ वेळा पूर्ण थांबल्याएवढी. किंवा १५८ फोन. किंवा ३५ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणायला लागते तेवढी. चारही चाकांच्या डिस्क आणि ड्रम मिळून ४० किलो लोखंड धरा आणि ही सगळी उष्णता त्यातच राहिली असं समजा. ते लोखंड ६०० अंश सेल्सिअसच्या घरात तापेल! प्रत्यक्षात वारा लागतो, टायर आणि इंजिन काही वाटा उचलतात, त्यामुळे तेवढं होत नाही. पण आकडा कुठल्या गल्लीतला आहे ते कळलं असेल.

पेडल खाली का गेलं

मेस्त्रींनी बोनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली. ऑइल काळ्या चहासारखं. "कधी बदललंस?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "बदलतात? कमी झालं की घालतो की."

आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नसतं. ग्लायकॉल जातीचं रसायन असतं आणि ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. (म्हणूनच त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, आतली रबरी सीलं फुगून बाद होतात.) कोकणातल्या दमट हवेत ओलावा किती असतो ते चार महिने कपडे न सुकणाऱ्यांना सांगायला नको. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं. डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं, त्यांच्या मानकावरून ही नावं आली. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश हवा, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर किमान १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५.

आता पुढचं सोपं आहे. पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो, कारण द्रव दाबून लहान होत नाही. हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम. पण चाकाजवळचं ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ मात्र मस्त दाबली जाते. तुम्ही पेडल दाबताय आणि फक्त बुडबुडे लहान होतायत. थंड झालं की वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल वर येतं. आमचं अर्ध्या तासाने आलं ते असं. "आता ठीक वाटतंय" म्हणून लोक पुढे निघतात, यातला खरा धोका हाच.

ऑइल घेताना बाटलीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घ्यायचं. डॉट ३ लिहिलं असेल तर सहसा डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीची आहेत. पण डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र पुन्हा ग्लायकॉलचं. नावं ठेवणाऱ्याने काय विचार केला होता देव जाणे. यूएसबीवाल्यांचाच नातेवाईक असावा.

मागचे लायनर नव्यासारखे कसे?

ऑइल बदलून, एअर काढून विषय संपला असता. पण चाकं खोलल्यावर मेस्त्री थांबले. पुढचे पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेले. मागच्या ड्रममधले लायनर मात्र तीन वर्षं जुने असूनही जाडजूड. बाबा खूश झाले, "चला, तेवढे पैसे वाचले." मेस्त्री म्हणाले, "वाचले नाहीत, मागचा ब्रेक लागतच नाहीये."

आमच्या मते अख्ख्या प्रकरणाचा उलगडा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिकअपचं मागचं वजन रोज बदलतं. रिकामी असताना मागे काहीच नसतं, भरली की टनभर माल. रिकाम्या गाडीला मागे पूर्ण दाब दिला तर मागची चाकं लॉक होतील आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरेल. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी निदान सरळ घसरते, मागची झाली तर शेपूट पुढे येतं. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ चेसिसला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. त्यातून एक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली बसते, चेसिस आणि ॲक्सल जवळ येतात, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. शंभर टक्के मेकॅनिकल सेन्सर. ना चिप, ना कोड.

आमच्या सेन्सरचं काय झालं होतं? एक म्हणजे दांडी गंजून जाम. बाबांनी आधी दोन-तीन वर्षं मिरकरवाड्याहून मासळीची भाडी मारली होती. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून ठिबकत नेमकं मागच्या ॲक्सलवर आणि ब्रेकच्या पायपांवर पडतं. मासळी ओढणारी गाडी तुमच्या घरी असेल तर आज खाली वाकून त्या पायपांवर टॉर्च मारा.

दुसरं कारण मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. माल जास्त बसावा म्हणून बाबांनी मागे एक जादा पाटा टाकून घेतला होता. आपल्याकडे हे सर्रास करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण जादा पाट्यामुळे गाडी मालाने खाली बसतच नाही. चेसिस वरच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे टनभर माल भरलेला, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीएवढा दाब देतोय. सगळं काम पुढच्या दोन चाकांवर. पॅड झिजून पातळ झाले, पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट कॅलिपरमधल्या जुन्या, पाणी मुरलेल्या ऑइलपर्यंत गेली आणि ते उकळलं. घाटात जे झालं ते पाच वर्षांपूर्वी पाटा टाकला तेव्हाच सुरू झालं होतं.

काही जण यावर 'जुगाड' करतात. दांडी तारेने वर बांधून ठेवतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब. हे करू नका. पावसात रिकाम्या गाडीने हातखंब्याचा उतार उतरताना याचं उत्तर मिळतं.

पाटा काढायचा की नाही यावर घरी दोन दिवस वाद झाला. पाटा काढला तर फेरीला पोती कमी, म्हणजे डिझेल तेवढंच आणि भाडं कमी. बाबांचा हिशेब चुकीचा नव्हता. मी आरसी बुकातलं भरलेलं वजन दाखवलं, तर म्हणाले, "ते लिहिणाऱ्याने कधी भाडं मारलंय?" शेवटी त्यांना मी काही पटवलं नाही. मेस्त्रींनी जुने पॅड त्यांच्या हातात ठेवले, आणि ते बराच वेळ बघत बसले. पाटा निघाला.

मग नवीन लोड व्हॉल्व्ह, पुढचे पॅड, मागच्या व्हील सिलिंडरची किट, एक फुगलेला होज पाइप, लायनरचे जाम झालेले ॲडजस्टर सोडवणं, ड्रम लेथवर हलकेच फिरवून घेणं (ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेला तर ड्रम बदलायचा) आणि डॉट ४ ऑइल. व्हॉल्व्हची दांडी नजरेने नाही, कंपनीने दिलेल्या मापाने लावायची. दहा हजारांच्या आत भागलं. माझ्या कार्टच्या निम्म्याने.

फोनने ब्रेक मोजला

आता आपला विषय. ब्रेक सुधारला हे 'वाटतंय' म्हणून मला पुरत नाही. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो, स्क्रीन आडवी करणारा तोच. फायफॉक्स नावाचं एक फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने बनवलेलं. ते सेन्सरचे आकडे थेट ग्राफमध्ये दाखवतं आणि फाइल काढून देतं. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजायचा पर्याय घ्यायचा. फोन डॅशबोर्डवर दुहेरी टेपने घट्ट चिकटवायचा. होल्डरमध्ये ठेवलात तर होल्डरच मोजाल.

मी काम सुरू होण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा रविवारी पहाटे मिरजोळे एमआयडीसीच्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर चाचणी घेतली. आधीच्या वेळी पूर्ण थंड ब्रेकवर, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना चुलतभाऊ उभे करून. दोन्ही वेळा तेवढीच पोती, तोच वेग, ताशी ४०, आणि गाडी बाबा चालवणार. वाहत्या रस्त्यावर किंवा एकट्याने हे करू नका, प्लीज.

आधी सरासरी ०.४२ जी आलं, नंतर ०.६१ जी. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद. अंतरात बोलायचं तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आधी १५ मीटर, नंतर १० च्या थोडं वर. फरक जवळपास एका पिकअपच्या लांबीएवढा. आकडे अगदी काटेकोर नाहीत. ब्रेक मारला की गाडी नाक खाली करते, दोन अंश झुकली तरी ०.०३५ जीची चूक घुसू शकते. पण दोन्ही वेळा चूक तशीच, म्हणून तुलना चालते.

आणखी एक प्रयोग फसला. कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची तापमापक बंदूक मी घाट उतरल्यावर ड्रमवर धरली. ती फक्त 'हाय' दाखवते. माणसाचा ताप मोजायच्या पलीकडचं तिला कळतच नाही. कारागिरांची वेगळी येते, ती मेस्त्रींकडे होती. चकचकीत धातूवर तीसुद्धा कमी आकडा दाखवते, पण डाव्या-उजव्या चाकाची तुलना करायला उत्तम. एक चाक फारच गार असेल तर त्याचा ब्रेक लागत नाहीये, फारच गरम असेल तर सुटत नाहीये. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं.

मग ते डिस्कचं किट?

एक साधी कसोटी आहे. ब्रेक जोरात मारल्यावर चाकं लॉक होत असतील, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. अडतंय ते टायरच्या पकडीवर. तिथे मोठी डिस्क लावून एक सेंटिमीटरही कमी होणार नाही, झिजलेले टायर बदलून होईल. डिस्क लवकर थंड होते, हा तिचा खरा फायदा. पण किट लावलं की मास्टर सिलिंडर, लोड व्हॉल्व्ह, हँडब्रेक यांची सगळी मापं बिघडतात, आणि पुढे-मागे ब्रेक किती वाटला जावा हे कंपनीने ठरवलेलं गणित तुम्ही अंदाजाने बदलता. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. तिथे काय सांगणार?

बूस्टरचं मात्र तपासून घ्या, फुकट आहे. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत. डिझेल इंजिनात बूस्टरसाठी निर्वात तयार करायला वेगळा पंप लागतो आणि तो इंजिनवरच चालतो. म्हणून डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे पहिले दोन-तीन ब्रेक सुखात मारतात, पुढे पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रल टाकणाऱ्यांचा बूस्टर चालू असतो, पण इंजिनाची मदत जाते. दोन्ही वाईट, पहिलं जास्त.

इंजिनाचा ब्रेक

१९३१ मध्ये डिझेल इंजिन बनवणारे क्लेसी कमिन्स अमेरिकेत ट्रकने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत उतारावर त्यांचे ब्रेक गेले आणि खाली रुळांवरून मालगाडी जात होती. थोडक्यात वाचले. पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवायची युक्ती काढली आणि ती १९६१ पासून मोठ्या ट्रकांत बसायला लागली. आपल्या पिकअपमध्ये ती नसते, पण साधं इंजिनसुद्धा खालच्या गिअरमध्ये बरंच ओढून धरतं, आणि ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते, ब्रेकमधून नाही. जुने ड्रायव्हर म्हणतात ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा, ते यासाठी. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर टाकायला गेलात आणि न्यूट्रलमध्ये अडकलात तर संपलं.

आणि पाय ब्रेकवर ठेवून यायचं नाही. अमेरिकेत ट्रकचं लायसन्स काढणाऱ्यांच्या पुस्तिकेत पद्धत दिलीय: सुरक्षित वेग ठरवा, त्यावर पोहोचलात की ठाम ब्रेक मारून वेग ताशी पाच मैल कमी करा, पूर्ण सोडा, पुन्हा वेग वाढला की पुन्हा. आम्ही ३० चं २२ असं ठरवलंय. बाबांना हलका पाय ठेवायची पंचवीस वर्षांची सवय, त्यामुळे आता शेजारी बसणारा "पाय!" असं ओरडतो. बहुतेक वेळा आई. तिला शेवटी कळलंच.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी आम्ही दोघं परत कोल्हापूरला गेलो. येताना पोती सहा कमी होती. घाटात सेकंड गिअर, मागे चार गाड्यांचे हॉर्न. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा बंदूक धरून बघितली, चारही चाकं गरम होती आणि डाव्या-उजव्यात फारसा फरक नव्हता. पेडल तिथेच होतं जिथे सकाळी होतं. ऑइल बदलल्याची तारीख मी बाटलीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलीय, आणि दोन वर्षांनंतरचा रिमाइंडर बाबांच्या फोनमध्ये टाकलाय. हँडब्रेकची केबल अजून बाकी आहे, गणपतीला आलो की बघू.